कुस्करलं की पाप लागतं

इंग्लंडातल्या आमच्या टॉडमर्डन गावात बायका केक खात नाहीत. पाप करतात. खोटं वाटत असेल तर गुरुवारी संध्याकाळी चॅपलमागच्या हॉलमध्ये येऊन बसा.

"काय गं, या आठवड्यात किती पापं?"

"विचारू नकोस बाई. नातवाचा वाढदिवस होता. घडाच भरला माझा."

"मी मात्र शहाण्यासारखी वागले हं. एकच बिस्किट, तेही नवऱ्याच्या बशीतलं."

नवऱ्याच्या बशीतलं मोजत नाहीत, असा आम्हा बायकांचा जुना समज आहे. परका माणूस हे ऐकेल तर म्हणेल, या बायांनी खून पाडले की काय! त्याच इमारतीत रविवारी पाद्री खऱ्या पापाबद्दल बोलतो, तेव्हा निम्मे बाक रिकामे असतात. गुरुवारी बारीक होण्याच्या क्लासला खुर्ची मिळत नाही.

क्लास जॅनीनचा. जॅनीन चाळिशीची, स्वतः एकेकाळी दारात न मावणारी, आता काठीसारखी, आणि बोलणं मधाळ. प्रत्येक पदार्थाला तिच्याकडे पापांचा आकडा. दिवसाला ठरावीक पापांची मुभा, त्यापुढे गेलात की तुम्ही घसरलात. बटाटा, गाजर, फळं यांना पाप नाही, पोटभर खा. वजन उतरलं की टाळ्या. चढलं तरी टाळ्याच, पण जरा हळू, आजाऱ्याच्या खोलीत वाजवाव्यात तशा. आठवड्यात ज्या बाईचं सगळ्यांत जास्त उतरेल तिला फळांची टोपली. प्रत्येकीने येताना एकेक फळ आणायचं, ती सगळी एकीला.

बुधवारी दुपारनंतर कुणी काही खात नाही. गुरुवारी वजन ना! जानेवारीच्या गारठ्यात बायका कोटाखाली उन्हाळ्यातले पातळ फ्रॉक घालून येतात. घड्याळ काढतात, कानातलं काढतात. एक म्हातारी तर काट्यावर चढताना कवळी काढून मुलीच्या हातात द्यायची. आणि वजन झालं रे झालं, की तडक कोपऱ्यावरच्या चिप्सच्या दुकानात. पुढचा गुरुवार तिथून सगळ्यांत लांब असतो. मी आणि थेल्मा वर्षानुवर्षं तिथे भिंतीला टेकून, व्हिनेगर घातलेले गरम चिप्स खात आलो.

थेल्मा ऑर्मरॉड माझी शेजारीण. माझं नाव विनिफ्रेड, पण ती मला विन म्हणायची. तिचं सारं आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात गेलं. या गावातल्या चाळिशीखालच्या प्रत्येक माणसाने तिच्या हातचं पिवळं कस्टर्ड खाल्लंय, आणि अजूनही रस्त्यात टकले बाप्ये तिला बघून "मिसेस ऑर्मरॉड, थोडं जास्त वाढा की!" म्हणून ओरडायचे. बाई अंगाने आडवी, आवाजाने मोठी. तिच्याशेजारी बसमध्ये बसायचं म्हणजे खिडकीला चिकटून बसायचं. तिचं वजन किती तरी वेळा उतरलं आणि तितक्याच वेळा घरी परत आलं. "मांजरासारखं आहे मेलं," म्हणायची, "कुठेही सोडून या, दाराशी हजर."

क्लासमध्ये जॅनीनला उलटं विचारायची हिंमत तिलाच. एकदा जॅनीन सांगत होती, केळं तसंच खाल्लं तर पाप नाही, पण कुस्करून खाल्लं तर आहे. कुस्करलेलं पटकन गिळलं जातं, पोट भरत नाही, म्हणून मोजायचं.

थेल्माने हात वर केला. "जॅनीन बाळा, मग माझे दात काय करतात? ते काय केळ्याशी गप्पा मारतात का?"

सगळा हॉल हसून लोळला.

"नियम म्हणजे नियम, थेल्मा," जॅनीन हसत म्हणाली. "कुस्करलं की पाप."

पुढे कित्येक दिवस ते आमचं घोषवाक्य झालं होतं. बसमध्ये कुणी थेल्माला खेटलं की ती म्हणायची, "जपून हं, कुस्करलं की पाप लागतं."

पण त्या सप्टेंबरात तिला खरंच बारीक व्हायचं होतं. गुडघा. उजवा गुडघा पार झिजला होता. बदलून देणार, पण वजन उतरवल्याशिवाय नाही, असं हॉस्पिटलने सांगितलं. गुडघ्याचं तिला एवढं काय होतं, तर नाच. थेल्मा आणि तिचा नवरा क्लिफ यांची ओळखच ब्लॅकपूलच्या नाचघरातली. एवढी जडशीळ बाई, पण वॉल्ट्झ नाचायला लागली की लोक नाचायचे थांबून बघायचे. क्लिफ बस चालवायचा, दिवसभरात दहा शब्द बोलेल तर शपथ. तिला धरून नाचताना मात्र त्याचा चेहरा वेगळाच दिसायचा. गुडघा गेल्यापासून मंगळवारचा नाच बंद पडला होता. क्लिफ बूट तेवढे चकचकीत पुसून ठेवायचा. "एक वॉल्ट्झ, विन," ती मला म्हणाली होती. "त्या माणसाबरोबर एकदा नीट एक वॉल्ट्झ करायचाय. मग हवं तर पुन्हा ढोल होईन."

आणि वजन उतरायला लागलं. पहिल्या आठवड्यात टाळ्या, दुसऱ्या आठवड्यात टाळ्या, मग फळांची टोपली, पुन्हा टोपली. बायका कुजबुजायला लागल्या, "हिने या वेळी मनावर घेतलंय बरं का." जॅनीनने तिला पुढे उभं केलं. थेल्मा म्हणाली, "काही नाही गं, शहाण्यासारखी वागतेय, एवढंच."

चिप्सच्या दुकानाबाहेर मी तिला म्हटलं, "शहाणे, कधीपासून?"

ती चिप्स खाता खाता थांबली. इकडेतिकडे बघून म्हणाली, "विन, मी काहीच सोडलेलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे रोज बेकरीतून कस्टर्डची वडी आणते. कधी दोन आणते. मागच्या गल्लीत उभी राहून खाते, क्लिफलाही ठाऊक नाही. दुपारी बटाट्याचा पॅटिस, रात्री चीज. आणि तरी उतरतंय."

"अगं, मग डॉक्टरांना सांग!"

"काय सांगू? रोज चोरून खाते आणि बारीक होते? वर म्हणतील, खाण्यावर ताबा नाही, चला, गुडघा रद्द. नको बाई. देव देतोय तर घेऊ दे."

ती हसली, पण मला ते हसू आवडलं नाही. नाताळात सगळ्या जगाचं वजन चढतं. जॅनीनचंसुद्धा चढलं, तिने तोंडाने कबूल केलं. थेल्माचं उतरलं. पाठ दुखते म्हणायला लागली. अन्नाकडे बघून नाक मुरडायला लागली, तीही कस्टर्डच्या वडीकडे! तेव्हा मात्र मी तिचं ऐकलं नाही. दवाखान्याची वेळ घेतली, तिला उतारावरून हाताला धरून घेऊन गेले आणि डॉक्टरांच्या खोलीत तिच्यामागोमाग घुसले.

डॉक्टर तरुण पोरगी होती, गोड होती. तिला मी दोष देत नाही. थेल्मा आत शिरताच तिने खुर्ची मागे सारली. "व्वा, मिसेस ऑर्मरॉड! केवढं उतरवलंत हो! मुद्दाम ना? प्रयत्न करून?"

याच प्रश्नासाठी मी तिला आणलं होतं.

"तर काय!" थेल्मा म्हणाली. "क्लासला जाते. अगदी शहाण्यासारखी वागतेय."

"कसलं शहाण्यासारखं!" मी मध्येच बोलले. "डॉक्टर, ही रोज पापं करते. रोज!"

डॉक्टर पोरगी हसली. मोकळेपणाने हसली. "अहो, पापं सगळेच करतात. काल रात्री मी अख्खं चॉकलेट संपवलं. एवढं मनाला लावून घ्यायचं नाही. थोडे लाड केले तर उलट माणूस टिकून राहतो."

"थोडे नाहीत हो, भरपूर! चोरून—"

थेल्माने काठीचं रबरी टोक माझ्या बुटावर ठेवलं आणि सगळा भार टाकला. मी कळवळले. पाठीचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, गुडघ्यामुळे वाकडी चालते ना, म्हणून. तेही पटण्यासारखं होतं. डॉक्टरने गुडघ्यासाठी चिठ्ठी लिहिली आणि उठून तिचा हात हातात घेतला. "अशाच शहाण्या राहा."

बाहेर आल्यावर मी भडकले. "तुला अक्कल आहे का? जीव जाईल तुझा!"

"आणि तू माझा गुडघा घालवशील!" ती ओरडली. "आयुष्यात पहिल्यांदा कुणी डॉक्टर मला बघून खूश झाली, विन. पहिल्यांदा! नाही तर आजवर कान दुखतो म्हणून गेले तरी वजनच काढायचे. आज खूश झाली ती. राहू दे ना."

मला तिचं दुःख कळत होतं आणि रागही जात नव्हता. सरळ बोलायला हवं होतं, की ही बाई भरपेट जेवते आणि तरी झिजतेय. पण इतकं सरळ वाक्य आमच्याकडे कुणाच्या जिभेवरच नसतं. खाण्याचं काहीही सांगायला जा, तोंडातून पाप, लाड, घसरणं, शहाणपण हेच निघतं. आणि पाप म्हटलं की समोरचा हसतो. जळलं मेलं ते बोलणं!

फेब्रुवारीत तिला वर्षाची मानकरी केलं. सॅटिनचा गुलाबी पट्टा, फुलं, फोटो. फोटोची आमच्याकडे एक रीत आहे. जुनी, ढगळ पँट आणायची, तिच्या एकाच पायात स्वतः सगळं उभं राहायचं आणि दुसरा पाय हाताने ताणून धरायचा, म्हणजे केवढी होते नि केवढी झाले ते दिसतं. थेल्मा उभी राहिली. पँटच्या त्या एका पायात तिच्यासारखी आणखी एक बाई मावली असती. शंभर हात टाळ्या वाजवत होते. मला ते बघवेना.

"रहस्य काय, थेल्मा?" जॅनीनने विचारलं.

"सगळं मनावर असतं," थेल्मा म्हणाली. तिला उभं राहवत नव्हतं. सगळा भार काठीवर होता.

फोटो बघून कुणीतरी म्हणालं, "अगं, पिवळी दिसतेस की!"

"गाजरं!" जॅनीन हसली. "गाजरं फार खाल्लीस गं तू. दरवर्षी होतं कुणाचं तरी. जरा काकडीवर ये."

सगळ्या हसल्या. खरंच होतं तसं आमच्यात, पाप नाही म्हणून गाजरं खाऊन खाऊन बायका पिवळ्या पडतात. मी थेल्माच्या डोळ्यांत बघितलं. गाजराने डोळे पिवळे होतात का, हे मला माहीत नव्हतं.

ते कळलं गुडघ्यामुळेच. ऑपरेशनची तारीख आली, आधीची तपासणी ठरली. रक्त काढायला आलेल्या नर्सने थेल्माच्या डोळ्यांकडे बघितलं आणि सुई खाली ठेवली. त्यानंतर त्या गुडघ्याचं नाव कुणी काढलं नाही. स्वादुपिंड म्हणाले. पसरलंय म्हणाले. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, वजन कधीपासून उतरतंय. आमचा मुका क्लिफ तेव्हा बोलला. खुर्चीत ताठ बसून, अभिमानाने बोलला, "सप्टेंबरपासून, साहेब. क्लासला जाते ती. गावात पहिली आली." डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिले. क्लिफ वाट बघत होता, ते काहीतरी चांगलं म्हणतील म्हणून.

घरी आल्यावर ती मला म्हणाली, "तू बोलली होतीस, विन."

"मी काय बोलले? मी पापांचा पाढा वाचला."

"हो ना. मीही तोच वाचत होते गं, आयुष्यभर." मग तिने शाल ओढून घेतली आणि क्लिफला चहा टाकायला सांगितलं.

आता आहारतज्ज्ञ बाई घरी यायला लागली. म्हणाली, लोणी खा, साय खा, केक खा, मिळेल ते खा, जेवढं जाईल तेवढं खा. थेल्मा उशीला टेकून हसली. "हे ऐकायला साठ वर्षं थांबले, बाई. जरा आधी यायचं नाही का?" दात होते तेव्हा चणे नव्हते, म्हणतात ना, तसं झालं. क्लिफ रोज बेकरीत जायचा. कस्टर्डच्या वड्या आणायचा, एवढ्या, की फ्रिजमध्ये दूध ठेवायला जागा राहिली नाही. ती एकीचा कोपरा जिभेला लावायची आणि म्हणायची, "छान आहे हं, क्लिफ." तो गेला की मला खूण करायची. मी त्या कागदात गुंडाळून माझ्या घरी नेऊन कचऱ्यात टाकायचे.

जॅनीन आली. टोपली घेऊन आली, क्लासच्या सगळ्यांनी फळं दिली होती. पलंगाच्या काठावर बसली आणि रडायला लागली. मला तिला चार शब्द सुनवायचे होते, तोंडावर आले होते. पण ती खरंच रडत होती, नाकातोंडातून पाणी येत होतं. लहान पोर वाटली मला. मग तिने नाक पुसलं, आणि सवयीचंच तिच्या तोंडातून गेलं, "कसा गेला मग हा आठवडा?"

"उतरलं," थेल्मा म्हणाली.

जॅनीनचे दोन्ही हात आपोआप वर आले. तसेच राहिले हवेत. तिने ते हळूच मांडीवर ठेवले, आणि थोड्या वेळाने निघून गेली. नंतर ऐकलं, त्या गुरुवारी तिने क्लास घेतला नाही. पुढच्या गुरुवारी घेतला. न घेऊन करते काय? बायका दाराशी उभ्या होत्या, पातळ फ्रॉक घालून.

एप्रिलात थेल्माला टेकडीवरच्या त्या घरात हलवलं, जिथे शेवटचे दिवस काढायला ठेवतात. तिथल्या नर्सा फार प्रेमळ. खोलीत रेडिओ होता. एका दुपारी त्यावर वॉल्ट्झ लागला. क्लिफ उठला. ते चकचकीत बूट घालून आला होता तो, रोजच घालून यायचा. त्याने तिला पाठीखालून उचललं. सहज उचलली गेली ती, पोरीसारखी. तो तिला उराशी धरून पलंगाजवळ उभा राहिला. पावलं टाकायचा प्रयत्न केला, पण ती कण्हली, म्हणून थांबला. नुसता उभा राहिला.

"आता पायावर पाय दिला तरी तुला कळणार नाही, क्लिफ," ती त्याच्या खांद्यात म्हणाली.

"दे ना," तो म्हणाला. "दे की गं."

तिचे पाय जमिनीला लागतच नव्हते. गाणं संपायच्या आत त्याने तिला परत निजवलं. मग जाऊन रेडिओ बंद केला.

त्यानंतर तिचं चावणं बंद झालं. सगळं पातळ करून, कुस्करून. मी एका सकाळी गेले तर नर्सने वाटीत केळं कुस्करून ठेवलं होतं, वर साखर आणि साय. क्लिफ बाहेर बाकावर बसला होता. मी चमचा घेतला. थेल्माने वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"विन, कुस्करलंय ते."

"हो गं बाई."

"मग पाप."

मला वाटलं थट्टा करतेय. मीही हसले. "माझ्या नावावर लाव. कर आ."

तिने एक चमचा घेतला. कितीतरी वेळ तोंडात घोळवत राहिली. दुसरा घेतला. तिसऱ्याला तोंड फिरवलं.

"खा की गं थोडं. तुझ्यासाठी साय घातलीय."

"नको." तिने डोळे मिटले. चेहऱ्यावर तोच भाव आला, काट्यावर चढण्याआधीचा, पोट आत ओढून धरल्याचा. तो भाव मी आयुष्यभर बघितलाय, तिच्या तोंडावर आणि माझ्याही. थट्टा नव्हती ती. "नको, विन. उद्या गुरुवार आहे."

मी वाटी बाजूला ठेवली आणि तिचं तोंड पुसलं. त्या दिवशी शनिवार होता.